मालकाचा रकाना

दर बुधवारी सकाळी सात वाजता मालिनीबाईंचं नवं शब्दकोडं वेबसाईटवर यायचं. आठ वर्षांत एकही बुधवार चुकला नव्हता. सुनेच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेल्या तेव्हा तिथून टाकलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आधीच दोन तयार करून ठेवली, आणि सासरे गेले त्या आठवड्यात सुतकातही टाकलं. सुतकात कोडं चालतं का, असं कुणी विचारलं नाही. घरात ही कोडी म्हणजे बाईंचा दुपारचा चाळा होता, आणि चाळ्याला कसलं आलंय सुतक.

पण हा चाळा तीन हजार माणसं सोडवत होती. कळवणच्या दवाखान्यातली एक नर्स, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, मस्कतला राहणारं एक जोडपं. साईटवरच, कोड्याखाली, त्यांची पत्रं यायची. कुणी शब्द अडला म्हणून भांडायचं, कुणी नुसतंच बरं वाटलं म्हणून कळवायचं. प्रत्येक पत्राची सुरुवात मात्र एकच असायची: 'आदरणीय धारणे सर'.

हे सर म्हणजे मालिनीबाईंचे सासरे, अण्णा. त्र्यंबक रामचंद्र धारणे. वेबसाईटच्या तळाशी तेवढं एकच नाव होतं. अण्णांनी आयुष्यात एकही कोडं केलं नव्हतं. झालं होतं इतकंच, की आठ वर्षांपूर्वी मालिनीबाईंच्या मुलाने, गौरांगने, आईसाठी हौसेने वेबसाईट काढली, तेव्हा फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, "खातं कुणाच्या नावावर करू?" आणि त्याच्या वडिलांनी, चिंतामणरावांनी, पेपरातून मान वर न करता सांगितलं, "अण्णांच्या. घरातलं सगळं त्यांच्याच नावावर आहे, याला कशाला वेगळं?" झालं. नाव अण्णांचं, फोन नंबर अण्णांचा, ईमेलही अण्णांच्याच नावाचा नवा काढलेला. मालिनीबाई तेव्हा पोळ्या करत होत्या. गॅस बारीक करून बाहेर यायला आणि 'माझ्या' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण नाही आल्या. पुढे पत्रांना उत्तरं द्यायची वेळ आली तेव्हा 'आपला' लिहावं की 'आपली' हे ठरेना, म्हणून त्या खाली नुसतंच 'धारणे' लिहू लागल्या.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. पत्रं सरांनाच येत राहिली.

या नोव्हेंबरात साईट उघडली की वर एक लाल पट्टी दिसू लागली. गौरांगने सुरुवातीलाच एकदम आठ वर्षांचे पैसे भरले होते, त्याची मुदत तीस तारखेला संपत होती. मालिनीबाईंनी गौरांगला फोन लावला.

"आई, ती कंपनी तशीही भिकार आहे," गौरांग म्हणाला. "बुधवारी सकाळी सगळे एकदम येतात तेव्हा साईट उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात. आता होस्टिंगच बदलू या."

"म्हणजे नक्की काय बदलायचं?"

"साईट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा. जागा बदलली तरी पत्ता तोच ठेवता येतो, वाचणाऱ्यांना कळतसुद्धा नाही. तुम्ही दोघं कंपनी ठरवा, बाकीचं मी इथून करून देतो."

भाड्याची जागा बदलायची आहे हे कळल्यावर मालिनीबाईंच्या मनात एकच गोष्ट आली. या खेपेला मालकाच्या रकान्यात आपलं नाव. साईट दोन मिनिटांनी उघडो की दोन सेकंदांनी, तेवढं नाव हवं होतं. गोष्ट मनात आली आणि मनातच राहिली, कारण तोवर चिंतामणरावांनी चष्मा पुसायला घेतला होता.

चिंतामणराव पाटबंधारे खात्यात स्टोअरला होते. चौतीस वर्षांत त्यांनी तीन कोटेशनांशिवाय सरकारसाठी एक खिळा घेतला नव्हता, आणि निवृत्तीनंतर घरात मिक्सर घेतानाही तीच शिस्त लावली होती. त्यांनी फुलस्केप कागद काढला, पट्टीने रेघा मारल्या आणि वर ठसठशीत लिहिलं, 'तुलनात्मक तक्ता'. जागा किती, वेग किती, बॅकअप कोण घेणार, अडलं तर फोन कोण उचलणार, दुसऱ्या वर्षी भाडं किती. रकाने इतके चोख होते की मालिनीबाईंनाही कौतुक वाटलं. फक्त 'खातं कुणाच्या नावावर' असा रकाना त्यात नव्हता.

पहिलं कोटेशन एका परदेशी कंपनीचं. पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट, दुसऱ्या वर्षी तिप्पट. तिथे फोन नव्हता, चौकटीत लिहून विचारायचं होतं. चिंतामणरावांनी मराठीत विचारलं, इंग्रजीत विचारलं. दोन्ही वेळा पलीकडच्या यंत्राने त्यांचे आभार मानले. तिसऱ्यांदा आभार आले तेव्हा त्यांनी तक्त्यात लिहिलं, 'नम्र, परंतु निरुपयोगी'.

दुसऱ्या कोटेशनासाठी दोघं नाशकातल्याच कॅनडा कॉर्नरजवळ हर्षलच्या ऑफिसात गेले. हर्षल मूळचा सटाण्याकडचा, घरची कांद्याची शेती, स्वतः नाशकात दुकानांच्या आणि हॉटेलांच्या वेबसाईटी सांभाळायचा. मुलगा गोड होता. पाणी दिलं, पंखा लावला.

"सर्व्हर बघायचा होता," चिंतामणराव खुर्चीत बसता बसता म्हणाले.

"सर्व्हर इथे नाही ना काका. तो मुंबईला असतो."

"मग इथे काय आहे?"

हर्षलने थोडा विचार केला. "इथे मी आहे."

चिंतामणरावांना हे उत्तर फारच आवडलं. सरकारी नोकरीत जागेवर माणूस असणं किती दुर्मीळ, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मालिनीबाईंनी मात्र घसा खाकरून विचारलं, "खातं कुणाच्या नावावर असेल?"

"आमच्याच, काकू. सगळी गिऱ्हाइकं आमच्या एकाच खात्यात असतात. पत्ता, पासवर्ड, सगळं मी बघतो. तुम्हाला काही टेन्शनच नाही."

ते खरंच होतं. गेली आठ वर्षंही त्यांना काही टेन्शन नव्हतं.

तिसरी कंपनी पुण्याची. फोन एका मुलीने उचलला, मनाली नाव सांगितलं, आणि चिंतामणरावांचे तेरा प्रश्न तिने एकदाही न थांबवता ऐकून घेतले. फोन स्पीकरवर होता. मालिनीबाई शेंगदाणे सोलत ऐकत होत्या. रोजचा बॅकअप होता, सर्व्हर मुंबईत होता, एकदम हजार माणसं आली तरी साईट बसणार नाही असं ती म्हणत होती, आणि दुसऱ्या वर्षीचं भाडं तिने न विचारता सांगितलं.

"सर, साईट कशाची आहे?" तिने शेवटी विचारलं.

"शब्दकोडी."

"अरे वा. कोण करतं?"

चिंतामणराव जरा घुटमळले. "आमची मिसेस करते."

"मग खातं मॅडमच्याच नावावर काढायचं ना?"

शेंगदाणे सोलणारे हात थांबले. हा प्रश्न एवढा साधा होता आणि तो विचारायला पुण्याची एक अनोळखी मुलगी लागली, याचं मालिनीबाईंना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

"ते मग बघू," चिंतामणराव म्हणाले आणि तक्त्याकडे वळले.

हा 'मग' मालिनीबाईंच्या चांगल्या ओळखीचा होता. घराचा उतारा, पाणीपट्टी, गॅसचं पुस्तक, चार वर्षं सगळं अण्णांच्याच नावावर होतं आणि सगळंच मग बघायचं होतं. चिंतामणराव वाईट नव्हते, कंजूष नव्हते, बायकोला टाकून बोलणारेही नव्हते. चालतंय ते चालू द्यावं, एवढाच त्यांचा धर्म होता.

तक्त्यात पुण्याची कंपनी दोन गुणांनी वर आली. गौरांगने बंगळुरूहून हलवाहलव सुरू केली आणि पहिल्याच पायरीवर अडला. साईट न्यायची तर जुन्या खात्यात मालक म्हणून शिरावं लागत होतं. मालिनीबाईंच्या पासवर्डने कोडं टाकता यायचं, तेवढंच. पत्ता, मुदत वाढवणं आणि सगळ्या साईटची किल्ली मालकाच्या खात्यात. आणि मालकाची खूण म्हणून येणारा सहा आकडी कोड जात होता अण्णांच्या जुन्या मोबाईलवर.

चिंतामणरावांनी तो नंबर लावला. पलीकडे कुणीतरी उचलला.

"मी नाशिकहून धारणे बोलतोय. हा नंबर पूर्वी आमच्या वडिलांचा होता."

"आता माझा हाय. सहादू बोलतो, सटाण्याजवळून. दोन वरीस झाले मला मिळून. अजून येत्यात त्यांचे फोन."

"आत्ता तुम्हाला एक कोड आला असेल बघा. तेवढा सांगता का?"

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. "ओटीपी हाय ना तो?"

"हो."

"मग नाय सांगायचा, दादा. रोज फोनमंधी सांगत्यात, कोणालाच देऊ नका म्हणून. आमचा मेव्हणा लय बुडाला त्याच्यात. तुमी चांगलेच असाल, पन नाय."

चिंतामणरावांना राग यायला हवा होता. पण समोरचा माणूस नियमाने चालत होता, आणि नियमाने चालणाऱ्यावर त्यांना कधी रागावता आलं नव्हतं. "बरोबर आहे तुमचं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शेवटी गौरांगने जुन्या कंपनीला लिहिलं. उत्तर दोन दिवसांत आलं. खातेदार वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला द्यावा, वारसाने प्रतिज्ञापत्र द्यावं आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं लिहून आणावं. चिंतामणरावांचा चेहरा खुलला. सर्व्हर, बॅकअप हे सगळं त्यांना परक्या गावासारखं होतं. दाखला आणि प्रतिज्ञापत्र म्हणजे घरची वाट.

"म्हणजे ती वेबसाईट तुमच्या नावावर होणार?" मालिनीबाईंनी विचारलं.

"वारस मी आणि गोदा. सुनेचा यात हक्क लागत नाही. आधी माझ्या नावावर येऊ दे, मग तुझ्या करू."

कोर्टासमोरच्या टायपिस्टने संध्याकाळपर्यंत कागद करून दिले, आणि रविवारी दोघं त्र्यंबकेश्वरच्या बसमध्ये बसले.

गोदाताई चिंतामणरावांची धाकटी बहीण. कुशावर्तापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. यजमान पूजा सांगणारे, त्यामुळे दारात सदा बाहेरगावच्या माणसांच्या चपला. चहा झाला, सगळ्यांची खुशाली झाली, आणि चिंतामणरावांनी पिशवीतून कागद काढून पेनाचं टोपण उघडून दिलं. गोदाताईंनी पेन घेतलं नाही. चष्मा घेतला.

"घराची हक्कसोड केली तेव्हा मी वाचलं नव्हतं, दादा," त्या अगदी सहज म्हणाल्या. "तू म्हणालास इथे सही कर, मी केली. हे जरा वाचते."

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'सदर संकेतस्थळ व त्यावरील संपूर्ण मजकूर ही मयत त्र्यंबक रामचंद्र धारणे यांची स्वकष्टार्जित मालमत्ता असून'..." त्या थांबल्या. "वहिनी, कोडी तुम्हीच करता ना?"

"हो, वन्सं."

"मग मी हक्क सोडायचा तो कशावरचा?"

"अगं, ही नुसती भाषा असते," चिंतामणराव म्हणाले. "टायपिस्टकडे नमुना तयार असतो. नाव तेवढं घालतात."

मालिनीबाईंनी हात पुढे केला आणि कागद घेतला. कोर्टापासून इथपर्यंत तो त्यांच्याच पिशवीत होता आणि त्यांनी तो उघडून पाहिला नव्हता. आता एकेक ओळ वाचली. स्वकष्टार्जित. आठ वर्षांच्या दुपारी, चौकटीच्या वह्या, खोडरबराचे कण झटकून झटकून गुळगुळीत झालेलं ते टेबल, एका शब्दासाठी अडून राहिलेली भाजी, हे सगळं त्या एका शब्दात बसवून अण्णांना देऊन टाकलं होतं. कागदाच्या अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, त्यांचंही नाव सापडलं. साक्षीदार: सौ. मालिनी चिंतामण धारणे.

त्यांना संताप आला. अण्णांचा नाही, टायपिस्टचा नाही, नवऱ्याचा थोडासा, आणि त्या दिवशी पोळ्या लाटत राहिलेल्या स्वतःचा सगळ्यात जास्त. पण आवाज चढवायची सवय नव्हती, म्हणून तो नेहमीसारखाच आला.

"मी यावर सही करणार नाही."

"अगं, साक्षीदाराची तर आहे. साक्षीदार कुणीही चालतो."

"मग कुणालाही घ्या. मी असं लिहून देणार नाही की माझी कोडी अण्णांची होती."

"पत्ता जाईल, मालिनी. तीन हजार लोक त्या पत्त्यावर येतात. तीस तारखेनंतर त्यांना काही दिसणार नाही."

"माहीत आहे मला."

गोदाताईंनी चष्मा काढून मिटला. "दादा, मीही सही करत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा केली तेवढी पुरे." चिंतामणरावांनी पेनाला टोपण लावलं. घराच्या त्या कागदाबद्दल बहीण चार वर्षांत एक शब्द बोलली नव्हती, आणि आज बोलली तेही चहाचे कप उचलता उचलता.

परतीच्या बसने अंजनेरी मागे टाकली. मग चिंतामणराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तुझं चांगलंच बघत होतो."

"हो. पण मला विचारून बघत नव्हतात."

सोमवारी सकाळी मालिनीबाईंनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि मनालीला सांगितलं की नवं खातं काढायचं आहे, नवा पत्ता घ्यायचा आहे, जुन्यातलं काहीही येणार नाही. मनालीने लिंक पाठवली. मालिनीबाई कॉम्प्युटरसमोर बसल्या, चिंतामणराव खुर्चीच्या मागे उभे राहिले. नाव. आडनाव. ईमेल. फोन नंबर. कोड आला तो टेबलावरच्या त्यांच्याच मोबाईलवर आला, आणि त्यांनी एकेक आकडा बघून टाकला.

"माझी सही कुठे लागते का?" चिंतामणरावांनी विचारलं.

"नाही."

"कुठेच?"

"कुठेच नाही."

चिंतामणराव आत गेले आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

जुन्या साईटवर अजून दोन बुधवार शिल्लक होते. दोन्ही बुधवारी मालिनीबाईंनी कोड्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'मी मालिनी धारणे. ही कोडी पहिल्यापासून मी करते आहे. त्र्यंबक रामचंद्र धारणे हे माझे सासरे, ते चार वर्षांपूर्वी वारले. डिसेंबरपासून कोडी खालच्या पत्त्यावर येतील. तिथे नाव नोंदवावं.' एवढ्या चार ओळी लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली होती.

पण कोडं सोडवायला आलेला माणूस वरची सूचना कशाला वाचतो? लोक आले, कोडं उतरवून घेतलं, गेले. तीस तारखेला संध्याकाळी जुनी साईट बंद झाली तेव्हा नव्या पत्त्यावर दोनशे चाळीस नावं होती. कळवणची नर्स त्यात होती. मस्कतचं जोडपं नव्हतं, कंडक्टर नव्हते. मालिनीबाईंनी यादी दोनदा खालीवर पाहिली. त्यांना फार वाईट वाटलं. आठ वर्षांची माणसं होती ती, आणि आपणच दार लावून घेतलं असं रात्री जेवतानाही वाटत राहिलं. सही न केल्याचा पश्चात्ताप मात्र झाला नाही. तो होतोय का, हे त्यांनी मुद्दाम बघितलं होतं.

मंगळवारी दुपारी त्या नव्या साईटवर पहिलं कोडं चढवत होत्या. शब्द बसले, काळे चौकोन बसले, खाली 'रचना: मालिनी धारणे' असं लिहून झालं. वरचा क्रमांकाचा रकाना रिकामा होता.

"एक घालायचा ना?" चिंतामणराव शेजारी स्टूल ओढून बसत म्हणाले. "नवं खातं, नवा पत्ता. एकपासून सुरुवात."

"चारशे सतरा," मालिनीबाई म्हणाल्या आणि तसंच टाईप केलं.

"अगं, पण आधीची इथे नाहीत. लोक विचारतील, चारशे सोळा कुठे गेली?"

"विचारू देत. सांगेन मी."

चिंतामणरावांनी स्क्रीनवरचा आकडा पुन्हा वाचला. ऑफिसात तक्ता चुकला की ते असंच एकदा पुन्हा वाचायचे आणि नवा कागद घ्यायचे. ते उठले, कपाटातून चौकटीच्या वह्यांचा गठ्ठा काढला, सगळ्यात खालची, पिवळी पडलेली वही वर घेतली आणि स्वतःचा लॅपटॉप उघडला.

"माझा टायपिंगचा वेग अजून बरा आहे," ते म्हणाले. "रोज दोन होतील. तू तपासून दे."

मालिनीबाईंनी मान हलवली. चिंतामणरावांनी वही उघडली, पहिल्या पानावरच्या पेन्सिलीच्या रेघांवरून बोट फिरवलं, चष्मा वर केला, खाली केला.

"यात आधी काय घ्यायचं? आडवे शब्द की उभे?"

कोड्यांबद्दल त्यांनी आठ वर्षांत विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"आडवे," मालिनीबाई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची त्यांच्या बाजूला सरकवली.